राजारामची बोट

१९ मार्च, बुधवार. फाहार्डो, पोर्तो रिको

उद्या निघायचं. दिवसभर सामान भरलं, आता केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तांदूळ, तूरडाळ, पोहे, सुके मासे, पाण्याचे कॅन आणि आईने नागपूरहून पाठवलेला सावजी मसाल्याचा डबा. आम्ही मोठ्या क्रूझवर चाललोय असंच तिला अजून वाटतं. तिचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

प्रत्येक डब्याची जागा राजारामने आधीच ठरवून ठेवली होती. ठरवणारच. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या घरात, बेसमेंटमध्ये व्हिडिओ बघत बघत त्याने पंधरा वर्षं हीच बोट मनात भरली आहे. दिवसा तो पूल बांधायचा, रात्री कॅरिबियनचे नकाशे. मी मर्सर लेकवर त्याच्याबरोबर शिडाच्या होडीचा कोर्स केला, पण तो केवळ त्याला सोबत म्हणून. मागच्या वर्षी तो रिटायर झाला, पाठोपाठ माझी लॅब बंद पडली, आणि दोघांनाही 'नाही' म्हणायला कारण उरलं नाही. इथल्याच एका म्हाताऱ्या जोडप्याकडून ही जुनी बोट घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'मेत्ता', पालीत मैत्री. इथले लोक 'मेटा' वाचतात आणि विचारतात, तुम्ही त्या कंपनीत आहात का.

बेत असा: कुलेब्रा, सेंट थॉमस, सेंट जॉन, सेंट क्रॉय. सगळीकडे अमेरिकेचाच झेंडा. सगळं नीट जमलं तर घर विकायचं आणि बोटीवरच राहायचं. आमच्या रिअल इस्टेटवाल्या सोनलकडे गिऱ्हाईक तयार आहे, तिला एप्रिलअखेर उत्तर हवंय.

आमची लेक हर्षिता फ्रीमाँटहून फोनवर म्हणाली, "राइट इट डाऊन, मॉम. डॅडसाठी." म्हणून ही वही. कप्तानाचं स्वप्न आणि बायकोचं अक्षर.

धाकधूक आहे. तरी मजा वाटतेय.

२० मार्च, गुरुवार. कुलेब्रा

आज चवदार तळ्याचा दिवस. "पाण्यावर जायचं तर आजच," असं राजाराम महिनाभर म्हणत होता. सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला वंदन केलं, फोटो केबिनच्या भिंतीला पक्का चिकटवला आणि दोर सोडले.

कुलेब्रा पूर्वेला आणि वाराही पूर्वेचाच. म्हणजे सरळ जाता येत नाही, तिरपं तिरपं नागमोडी जायचं. तळ्यावर हे शिकलो होतो, पण तळ्याला लाटा नव्हत्या. बाहेर आल्यावर पहिल्याच लाटेने बोटीचं नाक आभाळाकडे उचललं आणि धप्पकन खाली टाकलं. माझ्या तोंडावर खारं पाणी आलं. मी हसायला लागले. का ते कळलं नाही.

राजारामने लगेच सुकाणू माझ्या हातात दिलं. "तू धर, मी इंजिन बघतो," म्हणून खाली गेला. इंजिन बंदच होतं, पण त्याचं असंच असतं, चालू नसलेली वस्तूही तपासून ठेवतो. खूप वेळ तपासत होता बिचारा. मला शिकायला मिळावं म्हणून पूर्ण दुपार मलाच बोट चालवू दिली. इतका समजूतदार नवरा आमच्या मंडळात दुसऱ्या कुणाचा नाही.

सुकाणूच्या दांड्यातून पाण्याची थरथर हाताला कळते. वारा जरा वाढला की आधी गालाला कळतं, मग शिडाला. कुणी तरी हळूच कानात सांगतंय असं वाटतं.

नांगर टाकला तेव्हा ऊन उतरत होतं. राजारामने जेवण नको म्हटलं. दमला असेल.

२३ मार्च, रविवार. कुलेब्रा

गाव एवढंसं. एक रस्ता, एक पूल, दोन बेकऱ्या. समुद्रकाठी नेव्हीचा जुना गंजका रणगाडा वाळूत रुतून पडलाय, त्यावर पोरांनी रंगाची बरसात केलेली. पूर्वी या बेटावर नेव्ही बाँब टाकून सराव करायची. लोकांनी आंदोलन करून नेव्हीला घालवलं. बेकरीतल्या बाईने हे सांगितलं तेव्हा ती पाव मोजतच होती, जणू काल शेजाऱ्याशी भांडण झालं होतं एवढंच.

राजारामला इथे डॉमिनो खेळणारे म्हातारे सापडले. पुलाजवळ झाडाखाली त्यांचं टेबल आहे. सकाळी "जरा पाना घेऊन येतो" म्हणून गेला आणि दुपारी मी शोधायला गेले तर हा चौघांत बसलेला. स्पॅनिश येत नाही, पण सोंगट्या आपटायला भाषा लागत नाही. चेहरा कसा खुलला होता. पाना मात्र मिळाला नाही म्हणे.

मी म्हटलं, उद्या हवा चांगली आहे, निघायचं का?

"राहू ना दोन दिवस," तो म्हणाला. "लोक चांगले आहेत."

राहू. त्याची सहल आहे. पण खरं लिहायचं तर मला निघायचं होतं.

२८ मार्च, शुक्रवार. सेंट थॉमस

पोचलो. लाटा मोठ्या होत्या, मी भिजून चिंब. एक डॉल्फिन बराच वेळ बोटीच्या नाकापुढे पळत होता. मी राजारामला हाका मारल्या, पण तो खाली आडवा पडून हवामानाचा अंदाज ऐकत होता. "आलो, आलो," म्हणाला. आला नाही. डॉल्फिन थांबतात थोडेच.

दुपारनंतर गावात एका दुकानात शिरले आणि नेहमीसारखं विचारलं, ब्रेड कुठे आहे? काउंटरवरची बाई माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "गुड आफ्टरनून." आणि थांबली. मी ओशाळून गुड आफ्टरनून म्हटलं. तेव्हा कुठे ती हसली आणि ब्रेड दाखवला. इथे आधी माणसाला ओळख द्यायची, मग काम. न्यू जर्सीत तीस वर्षांत मी हे विसरूनच गेले होते. बाहेर राजारामला सांगितलं, तर त्याने पुढच्या चौकापर्यंत दिसेल त्याला गुड आफ्टरनून म्हटलं. सगळ्यांनी परत म्हटलं. त्याला भयंकर आनंद झाला.

३० मार्च, रविवार

आज निघायचं होतं. राजाराम म्हणतो इंजिनाचा आवाज वेगळा येतोय. मला तर तसाच वाटतो. तो बंदरावर मेकॅनिक शोधायला गेलाय.

२ एप्रिल, बुधवार

इंजिनाला काही झालेलं नाही.

६ एप्रिल, रविवार. सेंट जॉन

इथलं पाणी कसं आहे हे लिहिता येत नाही. तळाशी कासव चरताना दिसतं. गाढवं मोकळी हिंडतात, रस्त्याच्या मधोमध उभी राहतात आणि गाड्या थांबतात. जवळजवळ सगळं बेट नॅशनल पार्क आहे, त्यामुळे नांगर न टाकता सरकारी बोयाला बोट बांधायची. तरंगत्या बोयाचा दोर आकडीने पकडणं हे माझं काम. पहिल्यांदा आकडीच पाण्यात गेली. आज पहिल्याच फेरीत पकडला. शेजारच्या बोटीवरच्या माणसाने अंगठा दाखवला. साठीला टेकलेल्या बाईला एवढ्याने एवढं सुख व्हावं म्हणजे कमालच.

हर्षिताचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. वारा, बोया, कासव, शीड लहान कधी करायचं आणि कसं.

"मॉम, यू साउंड लाइक अ टीनएजर," ती म्हणाली. "डॅड कसा आहे?"

"मजेत. त्याचं तर स्वप्नच आहे."

"घर विकायचं फायनल?"

"त्याची इच्छा आहे गं. पंधरा वर्षांची."

"अँड यू? आर यू डूइंग धिस फॉर डॅड ऑर फॉर यू?"

अमेरिकेत वाढलेल्या मुलांना प्रत्येक गोष्टीत हा प्रश्न पडतो. मी म्हटलं, आमच्यात असं वेगळं वेगळं नसतं. तिने डॅडला फोन दे म्हटलं. राजाराम फोन घेऊन पुढच्या टोकाला जाऊन बसला आणि खूप वेळ हळू आवाजात बोलत राहिला. बापलेकीचं गूळपीठ जुनंच आहे.

रात्री त्याने विचारलं, "सोनलला अजून काही कळवलं नाहीस ना?"

"नाही. कळवू का?"

"नको, नको. परत गेल्यावर बघू."

"परत जायचंच नाही म्हणून तर विकायचंय ना, राजा."

तो उठला. शेगडीपाशी जाऊन चहा ठेवला. आम्ही नुकताच चहा घेतला होता.

९ एप्रिल, बुधवार

आता सेंट क्रॉय. हा टप्पा सगळ्यांत मोठा. बाकीची बेटं एकमेकांना दिसतात, हे एकटं दक्षिणेला, मध्ये सगळा उघडा समुद्र. सकाळी निघायचं, दिवसभर जायचं. वारा बाजूने मिळणार, म्हणजे बोट पळेल. मला झोप लागत नाही. भीती आहे, पण लग्नाच्या आदल्या दिवशी असते तसली.

राजाराम म्हणतो, विमानसुद्धा जातं तिकडे, पाण्यावर उतरणारं. मी म्हटलं, मग बोट काय टपालाने पाठवायची? तो हसला. माझा विनोद त्याला आवडला असं मला वाटलं. आता लिहिताना तितकी खात्री नाही.

११ एप्रिल, शुक्रवार. ख्रिस्तियनस्टेड, सेंट क्रॉय

तळहात सोलून निघालेत. दोर ओढून ओढून.

उजाडताना निघालो. वारा अगदी हवा तसा, डाव्या खांद्यावर. मेत्ता अशी पळत होती की मी मोठ्याने गाणं म्हणत होते. सेंट जॉन मागे निळं होत होत पुसलं गेलं. पुढे काहीच नाही. मग दुपारी क्षितिजावर एक राखाडी रेघ दिसली, तीच सेंट क्रॉय. राजाराम सकाळपासून खाली झोपून होता. गोळी घेतली होती, तरी बादली जवळ.

बेट चांगलं जवळ आलं, घरं दिसायला लागली, आणि पूर्वेकडून पावसाची काळी भिंत आली. बंदराच्या तोंडाशी प्रवाळाचे खडक आहेत, मधून वाट अरुंद. आत जाताना लाल बोये उजव्या हाताला ठेवायचे. बोये दिसले तर. क्षणात बेट गेलं, बोये गेले, बोटीचं नाकसुद्धा अंधुक झालं. वाऱ्याने बोट एका कुशीवर आडवी केली, खाली भांडी आपटली.

मी ओरडले, "राजाराम, वर ये. दांडा धर, मला शीड उतरवायचंय."

तो पायऱ्यांपर्यंत आला. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, चेहरा चुन्यासारखा. बाहेर बघितलं आणि तिथेच खाली बसला.

"मला नाही होत, मालिनी." एवढंच म्हणाला.

रागवायलासुद्धा वेळ नव्हता. दांडा दोराने बांधला, कंबरेला पट्टा अडकवला, रांगत शिडाच्या खांबापर्यंत गेले आणि मोठं शीड अर्ध्यावर उतरवलं. मग बोटीचं तोंड वळवून परत उघड्या समुद्राकडे नेलं. घरं इतकी जवळ असताना पाठ फिरवायची म्हणजे वेडेपणा वाटतो, पण न दिसणाऱ्या खडकापेक्षा मोकळं पाणी बरं. तिथेच येरझाऱ्या घालत राहिले. मनात कसलाही विचार नव्हता. इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं, लॅबमध्ये नाही, विहारात डोळे मिटून बसल्यावरही नाही.

सर गेली. पिवळा किल्ला आधी दिसला, मग बोये, ओळीने. लाल उजवीकडे ठेवत आत आले. नांगर टाकताना राजाराम वर आला, साखळी सोडली, नीट सोडली. त्याचे डोळे लाल होते. मी त्याला टॉवेल दिला. 

१२ एप्रिल, शनिवार

लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

सकाळी डिंगीने, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीने, किनाऱ्यावर गेलो. पाण्याकाठच्या लाकडी रस्त्यावर एका बाकावर बसलो. राजारामने जमिनीवर पाय दोन-तीनदा दाबून बघितले, लहान मूल बघतं तसे.

"मला बोट आवडते," तो म्हणाला. "तिचे जोड, तिचं लाकूड, तिचे नकाशे. समुद्र नाही आवडत."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कुलेब्राला जाताना बादलीत तोंड घालून बसलो होतो."

"इंजिन बघत होतास ना?"

"कशाचं इंजिन, बाप्पा."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "मग बोलला का नाहीस?"

"कोणत्या तोंडाने बोलू? पंधरा वर्षं सगळ्यांना नकाशे दाखवले. मंडळाने हॉल घेऊन निरोप दिला, रामभाऊकाकांनी भाषण केलं. आता काय सांगू, उलट्या होऊन राहिल्या म्हणून परत आलो? आणि दुसरं म्हणजे तू."

"मी काय?"

"तू इतक्यात आरशात बघितलं का? रोज ठरवायचो, आज सांगतो. आणि तू सुकाणूवरून वळून माझ्याकडे बघायचीस. मग राहून जायचं."

मग त्याने घराचं काढलं. घर विकायचं नाही. त्याला दार हवं, अंगण हवं, शेजारी हवेत. हर्षिताला हे सेंट जॉनपासून माहीत होतं.

आणि मला राग आला. खूप. त्याच्या उलट्यांचा नाही, घराचा. त्याच्यासाठी म्हणून मी घर मनातून कधीच विकून टाकलं होतं, तो गालिचा, ती पडवी, तो ड्राइव्ह-वेवरचा बर्फ. आता कळलं की ते त्याच्यासाठी नव्हतंच. उठले आणि एकटीच डिंगी घेऊन बोटीवर आले. तो संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होता, मला इथून दिसत होता. जाऊन घेऊन आले. जेवलो. सोनलला मेसेज केला, घर कॅन्सल.

ते टाइप करताना अंगठा जड झाला होता. तो उपकार मी त्याच्यावर करतेय असं दाखवलं नाही. थोडं दाखवलं असेल.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी निळा झेंडा शिडाच्या दोरीवर चढवला, त्रिशरण-पंचशील म्हटलं, तांदळाची खीर केली. मग शेअर टॅक्सीने बेटाच्या पश्चिम टोकाला फ्रेडरिकस्टेडला गेलो. तिथला किल्ला लाल. या किल्ल्यापुढेच गुलामांनी जमून स्वातंत्र्य मागितलं होतं, आणि त्याच दिवशी मिळवलं होतं. कुणी दान दिलं नव्हतं.

किल्ल्याजवळ मिस यूलाची खानावळ आहे. आम्ही दोघांनी दारातूनच गुड आफ्टरनून म्हटलं. तिने खारा मासा आणि जॉनीकेक नावाची तळलेली जाड पुरी वाढली आणि विचारलं, आज एवढे नटून कुठे? राजारामने सांगायला सुरुवात केली. महाड, तळं, पाणी, संविधान. ती पदर खोचून ऐकावं तशी, ॲप्रनला हात पुसत समोर बसली.

"म्हणजे तुमच्या लोकांनी पाणी प्यायला मोर्चा काढला?" तिने विचारलं.

"हो."

"आणि आता तुम्ही पाण्यावरच राहता." तिने माझ्याकडे बघितलं. "हिला शोभतं. तुम्ही मात्र जमिनीचे दिसता."

आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही.

खानावळीमागे म्हाताऱ्यांच्या क्लबचा हॉल आहे, चक्रीवादळात छप्पर उडालेला. नवं छप्पर टाकायचं तर जुन्या भिंती भार घेतील का, यावर दोन वर्षं वाद चालू. राजाराम भिंतीला हात लावत एक चक्कर मारून आला. मग दुसरी. मग मिस यूलाकडे शिडी मागितली. त्याला मी असा चढताना कित्येक वर्षांनी बघितलं. बोटीच्या तीन पायऱ्या चढताना जो माणूस कठडा सोडत नाही, तो मोडक्या वाशावर सरळ उभा होता.

परतताना टॅक्सीत म्हणाला, "इथे मिस यूलाच्या बहिणीची वरची खोली रिकामी आहे. सीझनभर राहू शकतो मी. तू फीर ना. बेटाला वळसा घाल, वर सेंट जॉनला जा. मी जमिनीवरून, नाहीतर विमानाने येत जाईन."

"एकटी?"

"परवा काय सोबतीने आलीस?"

१९ एप्रिल, शनिवार. फ्रेडरिकस्टेड

एकटीने आणली.

राजाराम बुधवारीच खोलीवर राहायला गेला आणि हॉलच्या छपराचं काम हाती घेतलं. आज सकाळी मी नांगर उचलला. पहिल्यांदा बोटीत दुसऱ्या कुणाचाही आवाज नव्हता. चहाचा एकच कप. बोयांमधून बाहेर पडले, आता लाल डावीकडे, आणि वारा पाठीशी घेऊन उत्तरेच्या किनाऱ्याने पश्चिमेला निघाले. डोंगर थेट समुद्रात उतरलेले. मागून येणारी प्रत्येक लाट बोटीला उचलून पुढे ढकलायची. एकदा शीड चुकीच्या बाजूला गेलं आणि शिडाचा आडवा दांडा डोक्याला लागता लागता राहिला. स्वतःला मोठ्याने शिव्या दिल्या, नागपुरी. ऐकायला फक्त पाणकोळी होते.

वायव्येचा कडा ओलांडला आणि वारा एकदम पडला. डोंगराच्या आडोशाला पाणी तळ्यासारखं. ईस्टरचे दिवस आहेत, इथले लोक सबंध कुटुंब घेऊन समुद्रकाठी तंबूत राहायला येतात. किनारा रंगीत कापडांनी भरलेला, धूर, ढोल, पोरं पाण्यात. त्या सगळ्यांसमोर माझा नांगर पहिल्यांदा धरला नाही. घसरत गेला. पुन्हा उचलला, पुन्हा फेरी, पुन्हा टाकला. बसला. वाळूवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

डिंगी वाळूला लागली तर राजाराम गुडघाभर पाण्यात उभा. पँट वर दुमडलेली, डोक्यावर सिमेंटची धूळ. त्याने दोर पकडला.

"कसं झालं?"

मी सांगायला लागले. मिस यूलाच्या तंबूत बसून सांगत राहिले. तिने ताटात मासा वाढला, तो गार झाला. राजारामने मध्ये फक्त कड्याजवळ वारा कसा पडला ते दोनदा विचारलं. एक म्हातारा येऊन म्हणाला, ती निळी बोट छान आहे, कप्तान कोण? सवयीने माझं बोट राजारामकडे वळलं. राजाराम तोवर माझ्याकडे दाखवून मोकळा झाला होता.

"ही," तो म्हणाला. "मी छपरावाला."

उठताना त्याने विचारलं, "उद्या कुठे?"

"उद्या कुठेच नाही. उद्या मला तुझा हॉल दाखव, वरपर्यंत."

"शिडी चढावी लागेल."

"चढेन."

"चपलेने जमणार नाही, बूट लागतात."

बोटीवर परत येऊन तासभर बूट शोधले. तांदळाच्या पोत्यामागे सापडले, आत ओल धरलेली. आता बाहेर दोरीवर वाळत घातलेत. सकाळपर्यंत वाळतील.